बाईंचं मत

"घरात त्यांचा आवाजसुद्धा चढत नाही," तोफेची बायको म्हणाली. "हात उठायची गोष्ट तर सोडाच."

निवड समितीतल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर दोघी बसल्या होत्या, तोफेची बायको आणि तोफेची आई. अर्धवट उघड्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. त्यावर तोफ स्वतः बसला होता, बायकोची पर्स मांडीवर घेऊन.

एके काळी त्याच्या पायातून सुटलेला चेंडू कुणाला दिसत नसे. दिसायची ती नुसती हललेली जाळी. म्हणून लोकांनी त्याला तोफ म्हटलं, डोक्यावर घेतलं. मग एका सामन्याच्या आदल्या दिवशी हॉटेलात काम करणाऱ्या पोरीने खोली उघडून द्यायला उशीर केला, आणि तोफेने तिचा जबडा मोडला. तुरुंग झाला, बंदी आली, पेपरांनी सालटी काढली. आता इतक्या वर्षांनी खेळाडूंच्या कीर्तिदालनात त्याचा पुतळा बसवायचा की नाही, हा प्रश्न समितीपुढे आला होता.

"बंगला कधीपासून मिळतो?" बायकोने विचारलं.

बाईंना हे जरा खटकलं. दालनाचा मानकरी वर्षभर दालनाच्या बंगल्यात राही, तिथून गावोगाव शिबिरं घेई, पोरापोरींना शिकवी. "अजून काही ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि कुटुंबाला तिथे राहता येत नाही, हे माहीत आहे ना?"

"चालेल. आम्ही राहू कशाबशा."

"लांब आहे का हो तो?" म्हातारीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"रात्रभराचा प्रवास आहे, आजी."

"लांबच म्हणायचा," म्हातारी म्हणाली, आणि तिने बोटाने डोळे टिपले. "जाऊ दे. लेकराचं चांगलं होतंय ना माझ्या."

दोघी उठल्या. बाहेर तोफेने आईला हात दिला, बायकोच्या खांद्यावरची धूळ झटकली. समितीतला जुना गोलरक्षक दारातून बघत होता.

"बघा, बाई. म्हातारीला कसं फुलासारखं धरलंय. माणूस बदलतो."

"किंवा बदलल्यासारखा दिसतो," अध्यक्ष म्हणाले. त्यांचं मत 'नको' असं होतं, गोलरक्षकाचं 'हवा' असं. तराजूचा काटा बाईंपाशी येऊन अडला होता.

"मी याचे फटके छातीवर झेललेत," गोलरक्षक म्हणाला. "अजून थंडीत बरगडी बोलते. आपल्याला गोल मोजायला बसवलंय. पापं मोजायला वर कुणीतरी बसलाय."

"पुतळा गोलांचा नसतो, माणसाचा असतो," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही स्वतः धावपटू, बाई. खेळणाऱ्याला खेळाने तोलायचं की वागण्याने?"

तोफेचा खेळ बघताना बाईंच्या अंगावर काटा यायचा. नुसत्या आठवणीने आजही आला, आणि त्याचाच त्यांना राग येत होता. त्या पोरीला त्यांनी एकदा पाहिलं होतं. बोलताना ती तोंडावर हात धरायची, आणि हसू आलं की मान फिरवायची.

"नुसता पुतळा असता तर मी डोळ्यांवर कातडं ओढलं असतं," बाई म्हणाल्या. "पण वर्षभर आपल्या पोरी याच्या हाती द्यायच्या? माझं मत, नको."

"आणि त्या दोघी? एवढ्या आशेने आल्या होत्या."

"त्यांना मिरवायचंय. बंगल्याशिवाय दुसरं बोलल्या का त्या?"

निकाल फोनवर कळवता आला असता, पण बाईंना ते पळपुटेपणाचं वाटलं. ज्याच्या पानात माती कालवायची, त्याच्या तोंडावर सांगावं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तोफेच्या घरी गेल्या.

जिन्यातच हसू ऐकू आलं. दार बायकोने उघडलं. केस विस्कटलेले, गाल लाल.

"या ना, बाई! ते कोटाचं माप द्यायला गेलेत. आत या, पसारा आहे हं."

आतल्या खोलीत म्हातारी एका जड लोखंडी पलंगाशी झटापट करत होती. दोघी मिळून तो खिडकीकडे ओढत होत्या. पाय फरशीला घासून किंचाळला की म्हातारी पोरीसारखी खिदळे.

"आता हिच्याजवळ खिडकीशी निजेन म्हणते," ती धापा टाकत म्हणाली. "वारा येईल, चांदणं येईल, झोपसुद्धा येईल."

बाईंचा जीव गलबलला. सन्मानाच्या आधीच घर सजायला लागलं होतं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"समितीने नकार दिला. शेवटचं मत माझं होतं. त्या पोरीकडे बघून मी ते दिलं. तुम्ही बाईमाणूस आहात, समजून घ्याल."

बायकोच्या ओठांवरचं हसू लगेच गेलं नाही. विसरून राहिलेल्या वस्तूसारखं ते तिथेच राहिलं.

"म्हणजे बंगला नाही?"

इथेही बंगलाच. बाईंना चीड आली, आणि दयाही. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग ते कुठेच जाणार नाहीत?"

"कुठेच नाही," बाई तिचा हात थोपटत म्हणाल्या. "इथेच राहतील, तुमच्याजवळ."

खाली मोटारीचं दार आपटलं. बायकोने आपला हात सोडवून घेतला. म्हातारी खिडकीपासून मागे सरली आणि तिने वाकून पलंगाची कड पुन्हा धरली.

"चल, सूनबाई," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तो वर यायच्या आत पलंग परत आतून दाराला लावून घेऊ."