काळाचं भान

लयशास्त्रावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिलेल्या सरांनी परवाच्या शिकवणीत आपल्या सर्वांत गुणी विद्यार्थिनीला चांगलंच फैलावर घेतलं. "तुला काळाचं भानच नाही. गाणं सोड आणि दुसरं काहीतरी कर." ती मान खाली घालून निघून गेली. तेव्हापासून तिचा एकही मेसेज नव्हता.

पुढची शिकवणी दोन दिवसांवर आली होती आणि ती येते की नाही, याची सरांना धास्ती होती. फोन हातात घेऊन ते लिहीत होते आणि पुसत होते.

"सरळ 'चुकलं माझं' असं लिहा की," बायको म्हणाली.

"जन्मात कधी लिहिलं नाही, ते आता लिहू?" सर गुरगुरले. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी तीनच शब्द पाठवले.

"परवाचं विसरून जा."

छातीवरचा धोंडा उतरला. सरांनी तिची खुर्ची पुसून पुन्हा पियानोशेजारी ठेवली, तेवढ्यात फोन वाजला. तिचंच उत्तर होतं.



"बरं, सर. परवा पुन्हा शिकायला यायचा धीर गोळा केला होता. आता नाही येत."