चार तासांनंतरचा फोन

डॉक्टरांनी सांगायच्या आतच सलूनवाल्या काकांनी मान मागे टाकली, हनुवटी वर केली आणि डोक्याखालची उशी दोन बोटं खाली घ्यायला सांगितली. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या माना वळवल्या होत्या. खुर्चीतल्या माणसाने कसं वागावं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. डॉक्टरांच्या मदतनीस ताईंना हसू आलं.

काकांची खालची दाढ आठ दिवस ठणकत होती. पण वय पंचाहत्तर, त्यात रक्त पातळ राहायची गोळी. घरचं माणूस बरोबर असल्याशिवाय दाढेला हात लावणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना दोनदा आल्या पावली परत पाठवलं होतं. आज मात्र पुतण्या खाली गाडीत बसलाय, असं ते आल्याआल्याच म्हणाले. ताईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली पांढरी गाडी होती, आत कोणीतरी होतं. "आहेत," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. अर्जावर 'काही झाल्यास कोणाला कळवायचे' याच्यापुढे काकांनी खिशातून काहीतरी काढून, तळहाताच्या आड धरून, एकेक आकडा जपून उतरवला.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर हात धुवायला गेले. काकांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती ताईंनी कापसाने पुसली.

"ताई, आत्ता गाल पुसलात का माझा?" त्यांची जीभ जड झाली होती.

"हो."

"कळलंच नाही बघा." त्यांनी गाल ताईंकडे वळवला. "परत एकदा पुसा बरं."

ताईंनी पुसला. काकांनी डोळे मिटून घेतले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे गाल पुसले, म्हणाले, आणि आपला कोणी पुसला तर नेमका बधिर.

दुखलं तर डावा हात वर करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाढ चिवट निघाली, दोन तुकडे करून काढावी लागली, पण तो हात मांडीवरून हलला नाही. नंतर कापसाचा बोळा दातांत दाबून ते उठले. ताई खालपर्यंत सोडायला निघाल्या तर त्यांनी हातानेच नको म्हटलं, खाली बोट दाखवलं, पुतण्या आहे. कठडा धरून ते एकेक पायरी उतरत गेले.

तीन वाजता ताईंनी डबा बाजूला सारला आणि अर्ज पुढे ओढला. या दवाखान्याची पद्धतच होती, दाढ काढल्यावर चार तासांनी फोन करायचा. बधिरपणा उतरायची ती वेळ. खरं दुखणं तेव्हा सुरू होतं, रक्तही तेव्हाच पुन्हा येऊ शकतं. सुजल्या, दुखऱ्या तोंडाने पेशंट काय बोलणार, म्हणून नंबर घरच्यांचाच घेत.

एंगेज. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. पुतण्या भलताच बोलका दिसतोय, त्या मनात म्हणाल्या. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा त्या उठून खिडकीपाशी गेल्या. पांढरी गाडी होती तिथेच होती. आतला माणूस मान टाकून झोपला होता. सकाळपासून तो दुसऱ्याच कोणाची तरी वाट बघत असणार.

 परत येऊन ताईंनी नंबर मोठ्याने वाचायला घेतला, आणि चौथ्या आकड्यानंतर कागदाकडे बघायची गरजच उरली नाही. पुढचे आकडे जिभेने आपोआप म्हटले. दिवसातून वीस वेळा त्या हा दवाखान्याचा नंबर लोकांना सांगत. स्वतः कधी फिरवला नव्हता. दवाखान्याचं कार्डही त्यांनीच काकांच्या खिशात कोंबलं होतं, एकदा नव्हे, दोनदा परत पाठवलं तेव्हा दोन्ही वेळा. काही झालं तर इथे फोन करा, असं सांगून.

त्यांना डॉक्टरांचा राग आला, त्यांच्या नियमाचा आला, आणि सगळ्यात जास्त खिडकीतून एकदाच वाकून पाहणाऱ्या स्वतःचा. पत्ता अर्जावर होता, पण आत खुर्चीत पेशंट होता आणि बाहेर चार जण बसले होते. सातच्या आत दवाखान्यातून पाय निघणं शक्य नव्हतं.

आतून डॉक्टरांनी विचारलं, "लागला का फोन? कोण बोललं?"

रिसीव्हर अजून ताईंच्या हातातच होता, टूं टूं करत. त्यांनी तो घाईघाईने जागेवर ठेवला. काकांचा गाल आता जागा होत असेल, आणि त्यांनी फोन केला तर लाइन मोकळी हवी होती.