टरबुजाचा मोर

राजनंदिनीला बघायला जालन्याहून पाहुणे आले, तेव्हा परतूरच्या त्या घरात टेबलावर टरबुजाचा मोर पिसारा फुलवून बसला होता. शेजारी काकडीची मगर अन् द्राक्षं टोचलेला पेरूचा साळिंदर.

मुलाच्या आईनं चष्मा लावून मोर चारी बाजूंनी न्याहाळला. "किती नाजूक हात आहेत हो पोरीचे! आमच्या पार्थला अश्शीच बायको पाहिजे. नोकरी काय करते?"

"गुरांची डॉक्टर हाय," वडील कौतुकानं म्हणाले. "आज सकाळीच आष्टीत एक अडलेली म्हैस मोकळी करून आली. म्हैस बी वाचली, रेडकू बी."

बाईंनी तोंडापाशी नेलेली फोड ताटात परत ठेवली. "शी! त्याच हातांनी हे कापलं? लग्नानंतर ते शेणामुताचं बिलकुल बंद हं. घरी बसून अशी ताटं सजवायची."

वडिलांचा चेहरा उतरला. राजनंदिनीनं तीच फोड उचलून तोंडात टाकली, सावकाश चावून खाल्ली, आणि म्हणाली,



"काकू, हे सगळं माझ्या भावानं केलंय. तुमच्याकडं एखादी मुलगी असेल, तर त्याच्यासाठी जरूर सांगा."