तिसरी सुई

आकडेबाईंनी फाईल पुढे सरकवली, पण समोर बसलेल्या आईने ती उघडूनही पाहिली नाही.

“ही माझ्या थोरल्याची. हिची झेरॉक्स तिकडच्या डॉक्टरांना दाखवून झाली,” ती म्हणाली. “एका मुलावरून ठरवता येत नाही म्हणतात. इथल्या सगळ्या मुलांचं मिळालं तर बघू म्हणतात. मला ते द्या.”

तिच्या शेजारी धाकटा बसला होता. आठेक वर्षांचा, पाठ खुर्चीला टेकू न देता. दोघा भावांना एकच आजार. थोरला दोन वर्षं याच हॉस्पिटलात, याच संशोधन विभागात येत होता. अभ्यासासाठी सहा वेळा त्याच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं होतं. आता घर दुसऱ्या शहरात गेलं होतं आणि धाकट्याचे उपचार तिथल्या हॉस्पिटलात चालले होते. तिथेही सहाच सुया ठरल्या होत्या, त्यातल्या दोन झाल्या होत्या. तिसरी सोमवारी होती.

“सहाही लागतातच का हो, मॅडम?”

आकडेबाईंचं खरं नाव विभागात कुणाला धड आठवत नसे. एकशे त्रेचाळीस मुलांच्या सगळ्या नोंदी त्यांनी एकटीने भरल्या होत्या, दोनदा तपासल्या होत्या. मग त्यांतून नावं, पत्ते, जन्मतारखा काढून प्रत्येक मुलाला नुसता एक क्रमांक दिला होता. कोणतं मूल कुणाचं हे कुणाच्या बापाला कळलं नसतं, इतकं चोख काम. त्यामुळे आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्या सुईनंतर पाठीतल्या पाण्यात जे दिसतं, तेच साध्या रक्ताच्या तपासणीत दिसतं. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एक्केचाळीस मुलांत. पुढच्या चार सुया उगाच टोचल्या होत्या.

तिकडच्या हॉस्पिटलने हे आकडे रीतसर मागितले होते, अकरा महिन्यांपूर्वी. पालकांच्या संमतीपत्रात तसं कलम होतं. समितीने परवानगी दिली, करार झाला, आणि घोडं अडलं ते विभागाच्या मोठ्या डॉक्टरांच्या एका सहीपाशी. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण इथे सहा महिन्यांनाही लाज वाटावी अशी गत. आकडेबाई दर आठवड्याला तो कागद सह्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायच्या आणि तो सगळ्यात खालून, सहीविना परत यायचा. आता शिपाईसुद्धा तो कागद ओळखू लागला होता.

“ते मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

“मग बाकीच्या आयांची नावं द्या. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळ्या बसायचो. मी एकेकीच्या घरी जाऊन फाईल मागून आणते. देतील त्या.”

“नावं तर मुळीच नाही, ताई. ती कुणालाच द्यायची नाहीत, असा शब्द दिलाय आम्ही तुम्हा सगळ्यांना.”

“बरोबर आहे,” आई म्हणाली. “नावं मला नाहीत, आकडे त्यांना नाहीत. मग इतकं जपून ठेवलंय ते कुणासाठी?”

आकडेबाईंनी गठ्ठ्यातून तो कागद ओढून काढला. “चला,” त्या म्हणाल्या.

मोठे डॉक्टर तसे भले गृहस्थ. त्यांनी आईला लगेच ओळखलं, थोरल्याची चौकशी केली, धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांना कागद दिसला.

“अहो मॅडम, हे भिजत घोंगडं आज कशाला? आपला शोधनिबंध छापून येऊ दे. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. आधीच आकडे दिले तर ते छापून मोकळे होतील आणि आपण बसू टाळ्या वाजवत.”

“तुमच्याआधी छापणार नाहीत असं करारात आहे, सर. पान चार.”

“करार मागच्या वेळीही होता. दहा वर्षं घातलीत मी यात.”

मागच्या वेळी खरंच तसं झालं होतं. सरांचं काम दुसऱ्याच्या नावावर छापून आलं होतं. आकडेबाईंना ते ठाऊक होतं, तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षं यांनी घातली, पण पाठी कुणी दिल्या? त्या काही बोलणार, तोच आईने विचारलं, “दोनच महिने ना, सर?”

“फार तर अडीच.”

“मग थांबतो की आम्ही. तुमचं काम आधी होऊ दे. तुम्ही फक्त तिकडच्या डॉक्टरांना एक फोन करा. म्हणावं, या मुलाची तिसरी सुई तेवढे दिवस पुढे ढकला. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत.”

एवढंच ना, अशा चेहऱ्याने सरांनी रिसीव्हर उचलला. नंबर फिरवायला बोट पुढे केलं आणि ते तसंच थांबलं. रिसीव्हर त्यांनी हळूच जागेवर ठेवला.

“असं कसं सांगणार?” ते म्हणाले. “कारण विचारतील.”

आकडेबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं. सरांनी त्याला हात लावला नाही. ते खिडकीकडे बघत राहिले.

धाकटा मात्र त्यांच्याकडेच बघत होता.

“काय कारण आहे?” त्याने विचारलं.