राहिलेला पेपर

“पदर झटकून दाखवा, मावशी,” परीक्षा हॉलच्या दारावरची तरुण मॅडम म्हणाली. सेहेचाळीस वर्षांच्या उज्ज्वलाने हसत पदर झटकला, आत गेली आणि बी.ए.चा शेवटचा पेपर लिहिला.

वाशीमचं हेच कॉलेज. सव्वीस वर्षांपूर्वी मेडशीजवळच्या तांड्यावरून ती एसटीने इथे यायची. तांड्यावरची कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. रामराव सर इतिहास शिकवायचे. तिला स्वतःची पुस्तकं द्यायचे. एसटी चुकली की घरी नेऊन भाकर खाऊ घालायचे. परीक्षेत मात्र सर कुणाचेच नसत. ते नुसते खाकरले तरी पोरं चिठ्ठ्या गिळून टाकायची.

बी.ए.च्या वर्षी शेवटच्या पेपरला तिच्या मागे सरांचाच मुलगा हरीओम होता. सर येताना दिसले तसा तो घाबरला आणि त्याने आपली चिठ्ठी तिच्या बाकाखाली फेकली. सरांनी ती उचलली, उलगडली.

“ही तुझी?”

हरीओमने मान खाली घातली. खरं कळलं तर हा देवमाणूस इथेच मोडून पडेल, असं तिला वाटलं.

“हो, सर.”

तीन वर्षांची बंदी आली. बापाने, प्रेमसिंगने, त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं. पुढे शेतात विळ्याने सोयाबीन सोंगताना कॉलेज आठवायचं. पण सरांचा मान राहिला, म्हणून तिला कधी वाईट वाटलं नाही. यंदा लेकीने, रेणूने, हट्टाने तिचा परीक्षेचा फॉर्म भरला.

पेपर देऊन ती बाहेर आली. लिंबाखालच्या बाकावर सर बसले होते. ऐंशीला टेकलेले, हातात काठी. ती धावतच गेली, पाया पडली.

“ओळखलं का मले?”

“उज्ज्वला. यादीत नाव पाह्यलं तुयं. म्हणून आलो.”

“तुमच्यासारखी कडक परीक्षा आता कोणी घेत नाही, सर. हरीओम कसा आहे?”

“मोठा साहेब झाला.” सरांनी आजूबाजूला पाहिलं. “ते चिठ्ठीचं कोणाले सांगितलं तू?”

“काय सांगू, सर? चूक माहीच होती.”

सरांनी काठी बाकाला टेकवून ठेवली.

“त्याचं अक्षर मी तेव्हाच ओळखलं होतं, पोरी. तू हो म्हणावं, हेच देवाले मागून राह्यलो होतो.”