मधला गडी

“पुढं, डावीकडं, गस हॅसेट. बदली नको.” अंत्यविधीवाल्या क्युसॅकनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. “मॅलकीच्या हातचं आहे. आपली पेटी कुणी उचलायची ते त्यानंच लिहून ठेवलंय. मी काय करणार?”

“मेला तरी संघ हाच निवडणार,” डोनल म्हणाला.

अंगणातली माणसं हसली. गस हसला नाही.

“अर्धा मैल आहे, लेका. खांदा टिकेल ना तुझा?” डोनलनं विचारलं.

“टिकेल.”

“टिकेल म्हणे. सकाळी किटली उचलताना रडत होतास.”

पेटी दारातून बाहेर आली, पाय पुढं. झाकणावर देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती गोंड्याची मखमली टोपी होती. मॅलकी लिडी बावन्न वेळा आयर्लंडकडून रग्बी खेळला होता. त्याचं नाव निघालं की लिमरिकमधला गवंडीसुद्धा थापी खाली ठेवायचा.

गसनं उजवा खांदा पेटीखाली दिला, डोनलनं पलीकडून डावा. मग दोघांनी आतला हात एकमेकांच्या पाठीवरून नेला. गसनं डोनलची कॉलर मुठीत धरली. इकडं पेटी अशीच उचलतात, आणि रग्बीत दोन संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तो स्क्रमही असाच बांधतात. बाजूला दोन खांब, मध्ये एक गडी. मागून आपल्या पाच जणांचा रेटा, समोरून आठ जणांचा, आणि मधला गडी खांबांच्या पाठीवर हात टाकून लोंबकळतो. खांबांनी त्याला सोडायचं नाही, एवढंच. अकरा वर्षं डावा खांब गस होता, उजवा डोनल, मध्ये मॅलकी.

दुकानांनी पडदे ओढले होते. माणसं टोप्या काढून कडेला उभी होती. कुणी खोकतही नव्हतं.

चार घरं मागं पडली आणि गसच्या डाव्या काखेत कुणीतरी कोट मुठीत धरला.

“डोनल, काखेतला हात काढ.”

“कुठल्या काखेतला?”

“डाव्या.”

“माझा हात तुझ्या मानेवर आहे, म्हाताऱ्या. तिथवर पोचायला मला आणखी एक कोपर लागेल.”

गसनं डोळे खाली वळवले. कोटाला घड्या पडल्या होत्या. हात नव्हता. पण ती मूठ त्याच्या ओळखीची होती. अंगठा आत, चार बोटं बाहेर.

ती मूठ असू शकत नव्हती. डब्लिनच्या शेवटच्या सामन्यात स्क्रम कोसळला, मॅलकीची मान मोडली आणि डाव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. कपसुद्धा त्याला दोन्ही तळव्यांनी धरावा लागायचा. माझा पाय घसरला, असं गस सगळ्यांना सांगत आला. पाय घसरला नव्हता. खांद्यात कळ आली आणि त्यानं मॅलकीला धरलेला उजवा हात सोडला होता. सव्वीस वर्षांत मॅलकीनं त्याला एकदाही विचारलं नाही.

पुलाच्या तोंडाशी क्युसॅकनं टाळी वाजवली. मागच्या चौघांच्या जागी दुसरे चौघे आले. नवी माणसं उंच निघाली, पेटी पुढं कलली आणि सगळं ओझं गसवर आलं.

“तू बदली घे, जा,” तो डोनलला म्हणाला.

“तू राहणार असशील तर मी कुठं जाऊ? चल.”

पुलाच्या मध्यावर खांद्यात कळ आली. तीच. बदली द्या, असं म्हणायला गसनं तोंड उघडलं, कॉलरवरची बोटं जराशी सैल केली. तोच काखेतली मूठ आवळली आणि कानाशी श्वास वाजला. दोन आखूड, एक लांब. रेटा बसायच्या आधी मॅलकी असाच श्वास घ्यायचा. वरून नाही, पेटीतूनही नाही. गस आणि डोनल यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून.

“ऐकलंस?”

“काय?”

गसनं उजवी मूठ घट्ट मिटली. डोळ्यांत पाणी आलं तरी मिटलेलीच ठेवली. पूल संपला, चढ आला, चर्चचं फाटक आलं. पावलागणिक कानाशी श्वास होताच.

पेटी आत नेऊन चौरंगावर ठेवली. ओझं उतरलं आणि काख मोकळी झाली.

“सोड आता,” डोनल म्हणाला. “गळा दाबतोयस माझा.”

गसनं सोडायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. शेवटी डोनलनं मान वाकवून, कोट हलवून कॉलर त्याच्या मुठीतून ओढून घेतली.

नोरीन, मॅलकीची बायको, बाकावरून उठून आली. नवऱ्याच्या पेटीकडं तिनं पाहिलं नाही. तिनं गसचा डावा हात वर केला आणि काखेखाली पाहिलं. शिवण उसवली होती. वर चार भोकं होती, ओळीनं. तिनं त्यांत आपली चार बोटं घालून पाहिली.

“दर शनिवारच्या सामन्यात तो इथंच उसवायचा,” ती म्हणाली. “संघाच्या जर्स्या मीच शिवायचे ना.”

“नोरीन, मला तुला काही सांगायचंय.”

“डब्लिनची तुझी जर्सीसुद्धा मीच शिवली. हीच चार भोकं होती.” ती हळू बोलत होती, चर्चमध्ये बोलतात तशी. “त्यानं तुला धरलं होतं. शेवटपर्यंत.”

मागं बाकं सरकली, माणसं बसू लागली. नोरीननं हात पुढं केला.

“काढ कोट. शिवून देते.”

गसनं डावा हात बाहीतून काढला. उजव्या हाताची मूठ अजून मिटलेलीच होती. ती बाहीतून निघेना.