आकडा सांगा

मुलीने पांढऱ्या बोर्डवरचं उत्तर पुसलं, हात झटकले आणि खुर्चीत येऊन बसली. ताईंनी दिलेला प्रश्न तसा खडूसच होता. ग्राहकाकडून एकाच बिलाचे पैसे दोनदा का कापले जातात, ते शोधायचं होतं. आधीच्या उमेदवारांचा त्यात पार घाम निघाला होता. हिने थोडा वेळ प्रोग्रामकडे नुसतं पाहिलं आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवलं.

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान डोलावली.

"छान. जरा एक फोन करून येतो, मग पगाराचं बोलू," असं म्हणून साहेब उठले. जाता जाता त्यांनी ताईंना दाराशी बोलावलं. "आत्ता आठ लाख घेतेय. दहा-अकरात गुंडाळू. उरलेल्यातून या वर्षी तुमचंही काहीतरी करता येईल."

ताई परत येऊन बसल्या. अख्खं ऑफिस त्यांना ताईच म्हणायचं. कंपनीचा बिलांचा प्रोग्राम अकरा वर्षं त्यांनीच सांभाळला होता. तो कुठेही अडला की पहिला फोन त्यांना जायचा. पगार वर्षाला चौदा लाख. दर वर्षी त्यात चिमूटभर भर पडायची आणि साहेब ती अशी सांगायचे, जणू बक्षीसच जाहीर करताहेत. या नव्या जागेला मात्र अठरापर्यंत मंजुरी होती. ताईंना ते ठाऊक होतं, कारण बाजारात आज हाच भाव चालू आहे, हे मीटिंगमध्ये त्यांनीच सांगितलं होतं.

"मॅडम, एक विचारू?" मुलगी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आकडा किती सांगायचा? माझे आत्ताचे आठ आहेत. वडिलांच्या आजारपणात मध्ये एक वर्ष घरीच होते, त्यामुळे मागे पडले. दहा म्हटलं तर फार होईल का?"

'ते तुझं तू ठरव,' एवढं म्हटलं असतं तरी ताईंचं काही चुकलं नसतं. त्या टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूला बसल्या होत्या. शिवाय 'तुमचंही काहीतरी' अजून कानात घोळत होतं.

"अठरा," ताई म्हणाल्या.

मुलगी हसली. तिला चेष्टा वाटली.

"हसतेस काय? अठरा सांग आणि थांब. लगेच 'कमी-जास्त बघू' म्हणू नकोस. साहेब बजेटचं रडगाणं लावतील, ते ऐकून घे."

"पण आठवरून एकदम अठरा?"

"आठ ही तुझ्या जुन्या कंपनीची कंजुषी. ती तू इथवर कशाला उचलून आणतेस?"

मुलीने जरा विचार केला. "तुम्हाला एवढा आहे?"

ताईंनी काचेबाहेर पाहिलं. साहेब फोन खिशात टाकत परत येत होते.

"हो," त्या म्हणाल्या.

मुलीने आकडा सांगितला. आवाज कापला, पण सांगितला. साहेबांनी आधी भुवया उंचावल्या, मग बजेट काढलं, मग ते मधलं एक वर्ष काढलं. बारापासून सुरुवात करून ते चौदावर बराच वेळ रेंगाळले. तेवढा वेळ ताईंनी टेबलावरून नजर उचलली नाही. शेवटी साडेसतरावर जमलं. मुलीने दोघांचे आभार मानले आणि ती घाईघाईने बाहेर पडली. आत रडू नये म्हणून असावं.

ताई साहेबांच्या मागोमाग त्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"पोरगी कुणाकडून तरी पढून आली होती," साहेब खुर्चीत टेकत म्हणाले. "गेले तुमचे पैसे, ताई."

"माझे कसे? ते त्या जागेचे होते." ताई उभ्याच राहिल्या. "साहेब, तिला साडेसतरा. तिला काम शिकवणार मी, आणि मला चौदा. हे कसं काय?"

"नवा माणूस बाजारभावाने येतो, ताई. जुना टक्क्यांनी वाढतो. सगळीकडे हेच आहे, ही काही मी पाडलेली पद्धत नाही." साहेब चिडले नव्हते, समजूत काढावी तसं बोलत होते. "आणि खरं सांगू? तुम्ही कधी मागितलंच नाहीत."

ते खरं होतं.

"आज मागते."

"मागा ना. आकडा सांगा."

मघाशी दुसरीसाठी अठरा कसे सहज ताईंच्या तोंडातून निघाले होते. आता 'तुम्हीच बघा काय ते' अगदी ओठांवर येऊन थांबलं होतं. सोळा म्हणावं? पंधरा तर नक्की देतील. लेक लहान होती तेव्हा रोज तासभर लवकर घरी सोडणारे हेच साहेब. ती लेक आता कॉलेजात गेली होती, आणि ताई अजून त्या तासाचं ओझं वागवत होत्या.

साहेब बोटांत पेन फिरवत वाट बघत होते. चेहऱ्यावर मायाळू हसू होतं.

"बावीस," ताई म्हणाल्या. त्यांचाच आवाज त्यांना जरा मोठा वाटला. बाहेरच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

पेन थांबलं. साहेबांनी ताईंकडे पाहिलं, बाहेर पाहिलं. मग ते उठले आणि त्यांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं.